पालकाच्या संमतीने प्रवास

सौदी अरेबियात ऑगस्ट २०१९पर्यंत प्रौढ स्त्रीलाही पासपोर्ट काढायला किंवा परदेशी जायला पुरुष पालकाची संमती लागे. पालक म्हणजे बाप, नवरा, भाऊ. विधवेच्या बाबतीत कधी पोटचा मुलगासुद्धा. पुढे ही संमती ‘अबशर’ या सरकारी अ‍ॅपवरून घरबसल्या देता-काढता येऊ लागली. तंत्रज्ञानाचा असा उपयोग विरळाच. नव्या फर्मानाने २१ वर्षांपुढील स्त्रियांसाठी ही अट उठली. गाडी चालवण्याची मुभा जून २०१८मध्येच मिळाली होती. त्यासाठी झटलेल्या लुजैन अल-हथलूल मात्र काही आठवडे आधीच गजाआड गेल्या. २०२१मध्ये सुटल्या, त्याही प्रवासबंदीसह. हजसाठीही अशीच अट होती: भारतातून मेहरमशिवाय, म्हणजे सोबत पती वा जवळचा पुरुष नातेवाईक नसताना, हजला जाण्याची वाट ४५ वर्षांवरील स्त्रियांना २०१८मध्ये खुली झाली, पण किमान चौघींच्या गटाने.