एका पेशंटच्या पाच फायली

वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा पेशंट ब्रह्मपुरीत येतो. वडसा-आरमोरीकडचा पूल ओलांडून येतो, नागभीड-सिंदेवाहीकडचा रेल्वेने किंवा एसटीने. लकवा, मिरगी, कंपवात अशा मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारासाठी मात्र बहुतेकांना पुढे शंभराहून अधिक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. तिथून परतताना हातात प्लास्टिकची एक पिशवी असते. त्यात सिटी स्कॅनची फिल्म, फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी, बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, कधी टीबीचे कार्ड, कधी सिकलसेलचे. प्रत्येक कागद वेगळ्या खिडकीवरचा, वेगळ्या सहीचा. हे पाचही कागद एकाच वेळी टेबलावर पसरून पाहण्याचे काम आज ठरवून कोणाकडेच दिलेले नाही, आणि आमचा आक्षेप नेमका यावर आहे.

मेंदूचा आजार क्वचितच एकटा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या अहवालानुसार मिरगी असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्या लोकांना आणखी किमान एक आजार असतो. मिरगी असलेल्या प्रौढांपैकी सुमारे 23 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठते. लकव्याबाबत तर आपल्याच मुलखातला पुरावा आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतर्फे डॉ. योगेश्वर कालकोंडे व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील 86 गावांमधल्या मृत्यूंची कारणे शोधली. 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 1599 मृत्यूंपैकी 229, म्हणजे 14.3 टक्के, लकव्याने झालेले आढळले. इतर कोणत्याही एका कारणापेक्षा हे अधिक होते. त्यातले 87 टक्के मृत्यू घरीच झाले आणि निम्म्याहून थोडे कमी पहिल्या महिन्याच्या आत.

म्हणजे लकव्याने दगावणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक माणसे पहिला महिना काढतात आणि नंतर जातात. या मधल्या काळात घरात काय चालते, हे लकव्याचा माणूस सांभाळलेल्या कोणत्याही सुनेला विचारावे. पाणी पिताना ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होतो. पाठीला जखम होते. लघवीत जंतुसंसर्ग होतो. बीपीची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद पडते, शुगर कोणी मोजत नाही, खर्रा सुटत नाही. माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, तेव्हा घरचे ‘जिद्द नाही’ म्हणतात; ते नैराश्य असू शकते आणि त्यावर औषध आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मेंदूतली गुठळी नागपूरने पाहिली. उरलेले सगळे ब्रह्मपुरीत आणि गावात पाहण्यासारखे होते, आणि तेच पाहायचे राहून गेले.

मिरगीत ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण इथे एका आजाराचे औषध दुसऱ्या आजाराच्या औषधाशी भांडते. टीबीवरचे रिफॅम्पिसिन सुरू झाले की कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइनचे रक्तातले प्रमाण घसरते आणि वर्षभर थांबलेले झटके परत येऊ शकतात. टीबीचेच दुसरे औषध, आयसोनियाझिड, उलट फेनिटॉइन वाढवते. मग पेशंटचा तोल जातो, जीभ जड होते, आणि घरच्यांना वाटते हा पिऊन आला. टीबीचा कोर्स संपला की हे गणित पुन्हा फिरते. टीबीच्या नोंदवहीत झटक्यांचा रकाना आणि झटक्यांच्या चिठ्ठीवर टीबीचा उल्लेख नसेल, तर हा गोंधळ कोणाच्या लक्षात येणार?

दारूचेही तसेच. गडचिरोलीत 1993पासून दारूबंदी आहे; चंद्रपुरात ती 2015मध्ये आली आणि 2021मध्ये उठली. कायदा नदीच्या एका काठावर एक आणि दुसऱ्या काठावर दुसरा असला, तरी रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात. अशा माणसाला दारूबद्दल न विचारता ‘मिरगी’ ठरवून वर्षानुवर्षे गोळ्यांवर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. विचारणे अवघड नाही. मात्र खिडकीपाशी, मागच्या रांगेच्या देखत विचारले तर खरे उत्तर मिळत नाही.

बाईमाणसाच्या बाबतीत तर हे न विचारणे फार महाग पडते. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाच्या पाठीच्या कण्याला आणि मेंदूच्या वाढीला धोका करते. कार्बामॅझेपिनसारखी औषधे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतात. लग्न ठरताना मुलीची मिरगी लपवली जाते, आणि लपवलेल्या आजाराची गोळी सासरी चोरून घ्यावी लागते किंवा सुटते. पुढे रोवणीच्या दिवसांत ती गुडघाभर पाण्यात उभी असते, बाजूला बोडी किंवा तलाव असतो. झटका आला आणि जवळ कोणी नसले, तर उथळ पाणीही जीव घेते. ‘कामाची जागा कोणती?’ हा प्रश्नसुद्धा तपासणीचाच भाग आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

सिकलसेलचा विषय या दोन जिल्ह्यांत टाळताच येत नाही. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, रक्ततपासण्या वाढल्या, कार्डे वाटली गेली. पण सिकलसेल मेंदूच्या रक्तवाहिन्याही बाधित करतो. लहान मुलालाही त्याने लकवा होऊ शकतो. शाळेत मागे पडू लागलेल्या, एका हाताने लिहिणे टाळणाऱ्या सिकलसेलग्रस्त मुलाकडे ‘आळशी’ म्हणून पाहण्याआधी त्याला मेंदूच्या तपासणीला पाठवायला हवे.

अशा सोबतच्या आजारांची मोजणी करण्याचे शास्त्र जुने आहे. मेरी चार्लसन यांनी 1987मध्ये 19 आजारांना गुण देणारी एक मोजपट्टी बनवली. त्यात अर्धांगवायूला दोन गुण, स्मृतिभ्रंशाला एक. ती जगभर वापरली जाते. पण रुग्ण वर्षभरात दगावण्याची शक्यता किती, एवढेच सांगण्यासाठी ती बनली होती. नैराश्य तिच्यात नाही. गिळण्याचा त्रास, सिकलसेल, घरात उचलायला माणूस आहे की नाही, हेही नाही. संशोधनाला ती उपयोगी पडते. आपल्या ग्रामीण रुग्णालयाला वेगळे काही लागेल.

त्यातले बरेचसे हाताशी आहेच. तिशीवरील प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात झटके येतात का, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, तंबाखू-दारू आहे का, हे प्रश्न आहेत. मन उदास राहते का, आवडत्या गोष्टीत रस उरला आहे का, असे नैराश्याचेही दोन प्रश्न आहेत. बधिर पायाचे महत्त्व चंद्रपूर जिल्ह्याला शिकवायला नको. बाबा आमटेंचे कुष्ठरुग्णांसाठीचे आनंदवन 1949पासून याच जिल्ह्यात वरोऱ्याला उभे आहे. आता त्याच पायाला कुष्ठरोगाच्या जोडीने मधुमेहही ग्रासू शकतो, एवढाच फरक. प्रश्न अर्जात आहेत; त्या उत्तरांचा फिटच्या किंवा लकव्याच्या चिठ्ठीशी मेळ घातला जात नाही.

ओपीडीत दोनशे पेशंट असताना डॉक्टरांनी हे कधी करायचे, हा सवाल रास्त आहे. डॉक्टरांनी करूच नये. महिन्याची गोळी घ्यायला पेशंट येतोच. तेव्हा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने किंवा नर्सताईने एका पानावर नोंद घ्यावी. बीपी आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, कारण कंपवाताच्या पेशंटचे उभे राहताच बीपी पडू शकते आणि तो कोसळून खुबा मोडून घेऊ शकतो. शुगर, वजन, पाण्याच्या घोटाला ठसका, पाठीची जखम, झोप आणि मन, चालू असलेली प्रत्येक गोळी, मग ती सरकारी असो की खासगी. जडीबुटीसुद्धा, पण न रागावता विचारून. पुजाऱ्याकडे गेल्याबद्दल एकदा ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी काहीच सांगत नाही. ज्या पानावर काही खटकेल, तेवढेच डॉक्टरांपुढे जावे. उपकेंद्रात ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोय आहे, तिचा उपयोग अशाच वेळी व्हावा.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत पार्किन्सन, सिकलसेल, कुष्ठमुक्त व्यक्ती आणि बहुदिव्यांगत्व यांना जागा दिली. एकाच माणसात दोन-तीन अपंगत्वे असू शकतात, हे कायद्याला मान्य आहे. आरोग्य खात्याच्या कार्यक्रमांनीही ते मान्य करावे. टीबी, कुष्ठरोग, असंसर्गजन्य आजार, मानसिक आरोग्य आणि सिकलसेल या पाचही कार्यक्रमांची माणसे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या बैठकीला बसतात. पुढच्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या यादीतली झटक्यांची आणि लकव्याची नावे एकमेकांच्या यादीशी ताडून पाहावीत. त्याला नवा निधी लागत नाही, नवी पदेही लागत नाहीत.