धावपट्टीवरची वहिवाट

मुळशीतल्या पिरंगुट-उरवडे पट्ट्यातल्या कारखानदाराला नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये काम निघाले, तर त्याचा अख्खा दिवस जातो. आधी चांदणी चौक, मग पुण्याची गर्दी, त्यापुढे चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर असा दोनशे किलोमीटरहून लांबचा रस्ता. थेट रेल्वेमार्ग आजही नाही. २३ डिसेंबर २०१७ रोजी कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या नव्या एअर डेक्कनने नाशिकहून पुणे आणि मुंबईसाठी जेमतेम अठरा आसनांची विमाने सुरू केली. जळगाव-मुंबई सेवाही तेव्हाच सुरू झाली, पाठोपाठ कोल्हापूरही जोडले गेले. केंद्राच्या ‘उडान’ योजनेत निम्म्या आसनांचे भाडे सरकारने बांधून दिले होते. ही सेवा कधी नीट रुळलीच नाही आणि एप्रिल २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवून कंपनीने काम थांबवले. दोष टाळेबंदीला देणे सोपे आहे, मालकाच्या अतिधाडसाला देणे त्याहून सोपे. माझे म्हणणे वेगळे आहे. छोट्या विमान कंपन्यांचा खरा पराभव तिकिटाच्या दरात होत नाही. तो मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीवरच्या वेळेत, म्हणजे स्लॉटमध्ये होतो.

मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर गर्दीच्या तासात सुमारे ४६ विमाने उतरतात-उडतात, म्हणजे साधारण दर ऐंशी सेकंदांना एक. या ऐंशी सेकंदांचे वाटप जगभर जवळपास एकाच रिवाजाने होते. गेल्या हंगामात ज्याने आपल्या वेळा किमान ८० टक्के वापरल्या, त्या पुढच्या हंगामातही त्याच्याच. आपल्या गावात बांधावरच्या वाटेला जी वहिवाट म्हणतात, तीच ही. ज्याचे पाय आधीपासून त्या वाटेवर आहेत, तिच्यावर हक्क त्याचा. नव्याने आलेल्याच्या वाट्याला उरतात त्या कोणालाच नको असलेल्या वेळा. जळगावच्या व्यापाऱ्याला सकाळी मुंबईत पोचून संध्याकाळी परतायचे असते. त्याला भर दुपारचे विमान दिले, तर मुक्कामाचा खर्च अंगावर पडतो आणि तो पुन्हा रात्रीच्या रेल्वेकडे वळतो. आसने रिकामी जातात आणि मग मार्गाला मागणीच नव्हती असे म्हटले जाते. एअर डेक्कनला ‘उडान’चे मार्ग ३० मार्च २०१७ रोजी मिळाले, पहिले उड्डाण डिसेंबरअखेर झाले. या विलंबाचे एक मोठे कारण मुंबईतले स्लॉट हेच होते. मोठी कंपनी असे महिने पचवू शकते. दोन-चार विमानांच्या कंपनीला मात्र वैमानिकांचे पगार आणि विमानांचा खर्च चुकत नाही, आणि भांडवल उड्डाणाआधीच झिजू लागते.

मोठ्या कंपन्यांनी या काळात काय केले, हेही विसरू नये. छोट्या मार्गांचा तोटा भरून काढण्यासाठी सरकारने मोठ्या मार्गांवरील प्रत्येक उड्डाणावर अंतरानुसार साडेसात ते साडेआठ हजार रुपये आकार बसवला, तेव्हा बड्या खासगी कंपन्यांची संघटना त्याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १८० प्रवाशांच्या विमानात विभागला तर हा आकार माणशी पन्नास रुपयांच्याही आत येतो. एवढ्यासाठी न्यायालय गाठणाऱ्यांकडून नवख्या स्पर्धकाला वेळ मोकळी करून मिळेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

आधीचा इतिहासही हेच सांगतो. गोपीनाथ यांची पहिली एअर डेक्कन ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झाली. परदेशी उड्डाणांसाठी देशांतर्गत सेवेची पाच वर्षे लागत आणि विजय मल्ल्यांच्या किंगफिशरकडे ती नव्हती. २००७ मध्ये मल्ल्यांनी डेक्कनचा २६ टक्के हिस्सा घेतला, पुढे दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशर लंडनला उडाली. डेक्कनच्या स्वस्त सेवेचे नाव आधी किंगफिशर रेड झाले आणि २०११ मध्ये ती सेवाच गुंडाळली गेली. २००७ मध्येच जेटने १,४५० कोटींना सहारा घेतली. दोन्ही व्यवहारांत परवाना, वेळा आणि विमाने उभी करण्याच्या जागा यांचे मोल मोठे होते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट स्वतः जमिनीवर आली, तेव्हा मुंबईतले तिचे सुमारे २८० स्लॉट पाहता पाहता इतर कंपन्यांकडे गेले. पुढे जेटला उभे करण्याचा आराखडा मंजूर झाला, पण जुने स्लॉट हक्काने परत मिळाले नाहीत. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. इतक्या मोठ्या कंपनीलाही गेलेली वेळ परत मिळाली नाही, तर अठरा आसनांच्या विमानाला कोण विचारणार?

यावर काही आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की एअर डेक्कनचा कारभारच कच्चा होता. तो होताही. विमाने कमी होती, उड्डाणे वारंवार रद्द होत आणि ठरलेली सेवा न दिल्याने तिचे बरेच मार्ग काढून घेतले गेले. पण दोष एकाच कंपनीचा असता, तर बाकीच्या तरल्या असत्या. ‘कॅग’च्या २०२३ च्या अहवालानुसार ‘उडान’च्या पहिल्या तीन फेऱ्यांतल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली. नांदेडचेच पाहा. एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवलेल्या पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद होते, ते चालवणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर मात्र टिकली, असे कोणी म्हणेल. तिचे कौतुक आहेच. पण तिच्यामागे मोठा उद्योगसमूह आहे आणि मोठ्या कंपन्या जात नाहीत असे मार्ग तिने निवडले. सगळ्यांच्या मागे असा समूह नसतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ज्या वेळेत १८० माणसे उतरू शकतात, त्या वेळेत अठरा का उतरवायची? उलट मोठ्या विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यामुळे छोट्या विमानाला जास्त अंतर ठेवून यावे लागते, म्हणजे त्याला वेळ थोडा जास्तच लागतो. हिशेब खरा आहे. पण याच हिशेबाने एसटीने दुर्गम गावाची गाडी कधीच सोडली नसती. धावपट्टी सार्वजनिक साधन आहे, तिच्यावर नागपूर-दिल्लीइतकाच जळगावचाही हक्क आहे. शिवाय बाजार एका कंपनीच्या हाती गेला की काय होते, ते ५ डिसेंबर २०२५ रोजी दिसले. साठ टक्क्यांहून अधिक बाजार असलेल्या इंडिगोची एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि प्रवाशांना दुसरी वाट उरली नाही.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण नवी मुंबई आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथे विमाने सुरू झाली आहेत. धावपट्टी सध्या एकच आहे, पण तिच्यावर अजून कोणाची वहिवाट पक्की झालेली नाही. ती हंगामागून हंगाम पक्की होत जाईल आणि मग ती मोडायला कोणी धजावणार नाही. राज्य सरकारने सिडकोमार्फत या विमानतळात भागीदारी घेतली आहे, म्हणजे मागणी करण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या काही वेळा महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या विमानांसाठी आताच राखून ठेवाव्यात, त्या कोणत्याही कंपनीला विकता किंवा मोठ्या मार्गाकडे वळवता येऊ नयेत आणि कंपनी बुडाली तरी वेळ त्या जिल्ह्याकडेच राहावी. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते. त्याच्या आत हा निर्णय राज्याने केंद्राकडून घेतला पाहिजे.