'अपेक्षित'च्या पलीकडची अपेक्षा

अकरावीचा वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, "सर, मराठीचं अपेक्षित कोणतं घ्यायचं?" मुलांच्या तोंडी 'अपेक्षित' म्हणजे संभाव्य प्रश्नोत्तरांचं पुस्तक. पण या मुलांकडून आपली अपेक्षा काय, हे कुणी विचारत नाही. पालक विचारत नाहीत आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही नाही.

परभणी जिल्ह्यात उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुलं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी साहित्याच्या वर्गात येतात, तेव्हा त्यांच्याबद्दलचा एक समज आधीच पक्का असतो : 'पस्तीस पडले तरी पुष्कळ.' बोलणारा दयेनं बोलतो, पण ही दया मुलांना महागात पडते.

माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जनाबाईंच्या अभंगाचं रसग्रहण लिहायला दिलं होतं. बहुतेकांनी गाइडमधलं उतरवलं. एका मुलीनं मात्र लिहिलं, की तिची दादी जात्यावर दखनी गाणी म्हणायची आणि दळता दळता त्यांतही अल्लाहचं नाव यायचं. वाक्यावाक्यात लिंगाच्या चुका होत्या. मी तिला चारपैकी दीड गुण दिला, उतरवणाऱ्यांना तीन.

पुढे दखनीतल्या चक्कीनाम्यांबद्दल वाचलं. सूफी परंपरेतली ही गाणी दख्खनच्या बायका दळताना म्हणत. वाचून मान खाली गेली. आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई त्या मुलीला तिच्या घरातल्या जात्यावरून कळल्या होत्या आणि मी नपुंसकलिंग मोजत बसलो होतो. उर्दूत नपुंसकलिंग नाही, 'ळ' अक्षरही नाही. त्यामुळे होणाऱ्या चुका सुधारायलाच हव्यात आणि सरावानं त्या सुधारतातही. उतरवण्याची सवय मात्र लवकर सुटत नाही.

आता पहिल्या दिवशीच तीन गोष्टी सांगतो. एक, वर्षभरात पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक पुस्तक अखेरपर्यंत वाचायचं. निजामी राजवटीत परभणीत नोकरी करत लिहिणारे बी. रघुनाथ चालतील, हमीद दलवाईंची 'इंधन' चालेल. दोन, रसग्रहणात निदान चार ओळी स्वतःच्या हव्यात. त्या चुकीच्या मराठीत असल्या तरी गुण मिळतील, उतरवलेल्याला मिळणार नाहीत. तीन, एखादी मराठी कविता शिकताना वली किंवा सिराज औरंगाबादी यांची एक गझल शेजारी ठेवून बोलायचं. दोन भाषा येणं ही अडचण नाही, शिदोरी आहे.

सुरुवातीला मुलं कुरकुर करतात. दिवाळीनंतर वाद घालू लागतात. मला तेच हवं असतं.

सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तरी आजही आमच्या मुलांना कौतुक म्हणून ऐकावं लागतं, "अरे, तुझं मराठी चांगलं आहे की!" या आश्चर्यातही कमी अपेक्षाच दडलेली असते. दुःख याचं, की ती आता आपल्या घरांतही शिरली आहे.

ती मुलगी आज कुठं आहे, ठाऊक नाही. तिचे गुण माझ्याकडे बाकी आहेत. पालकांना एवढीच विनंती : मुलांना 'अपेक्षित' जरूर घेऊन द्या, पण सोबत एक खरं पुस्तकही द्या आणि वाचून झाल्यावर विचारा, "तुला काय वाटलं?"