भित्र्या कुत्र्यासाठी घर

बोईसरच्या रेल्वे स्थानकाबाहेर पाऊल टाकताच ओळखीची गडबड कानी पडते. रिक्षावाल्यांच्या हाका, गाडीची शिट्टी, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेल्या बसगाड्या आणि पाळी संपवून परतणाऱ्या कामगारांचे थवे. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, परिसरात कारखाने वाढले आणि एके काळचे हे शांत गाव गजबजून गेले. पोटासाठी दूरदूरची माणसे येथे येतात, भाड्याच्या खोलीत राहतात व काम संपले की निघून जातात. त्यांच्या दारात वाढलेले कुत्रे मात्र कधी कधी मागेच राहते.

अशा कुत्र्यांपैकी जे धीट असते, त्याचा निभाव लागतो. चहाच्या टपरीपाशी ते शेपूट हलवीत उभे राहते आणि त्याला बिस्किटाचा तुकडा मिळतो. भित्र्याचे तसे नसते. कधी त्याला दगड बसलेला असतो, कधी वाहनाचा धक्का. कधी जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत माणसाचा मायेचा हातच त्याला लागलेला नसतो, आणि त्या वयात जे राहून जाते ते पुढे भरून येणे फार कठीण. एखादी दयाळू व्यक्ती त्याला उचलून आणते, जखमा बऱ्या करते, लस टोचून घेते. मग प्रश्न उरतो, ते द्यावे कोणाकडे?

बहुधा जो प्रथम मागेल त्याच्याकडे ते दिले जाते. प्रशस्त घर, सधन कुटुंब, कुत्र्यासाठी हट्ट धरून बसलेली मुले, एवढे पाहिले की देणाऱ्याचे समाधान होते. ही मोठी चूक आहे. मागणाऱ्याला कुत्र्याची आवड किती, यापेक्षा त्याला वाट पाहता येते की नाही, हे पाहिले पाहिजे. कुत्र्याने आजच आपल्या मांडीवर यावे असे ज्याला वाटते, तो काही वाईट मनुष्य नव्हे. पण भित्रे कुत्रे त्याच्यासाठी नव्हे. त्याला नकार देण्यात निर्दयपणा नाही. एरवी चार दिवस लाड होतात, आठव्या दिवशी कंटाळा येतो आणि 'हे कुत्रे बिघडलेले आहे' असे म्हणून त्याची पाठवणी होते. अशा प्रत्येक फेरीनंतर ते अधिकच बुजते. दाराची फट सापडून ते पळाले, तर बोईसरात रेल्वेचे रूळ दूर नाहीत आणि अवजड मालमोटारींचा रस्ताही दूर नाही.

भीती किती खोल रुतून बसते, याचा अनुभव पावलोव्ह या थोर रशियन शास्त्रज्ञास आला होता. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राड शहरात नेवा नदीचा पूर शिरला. त्याच्या प्रयोगशाळेतील कुत्री मोठ्या कष्टाने वाचविण्यात आली. पाणी ओसरले, परंतु त्यांतील काही कुत्री पूर्वी शिकलेले सारे विसरून गेली. त्यांतले एक पुढे हळूहळू सावरले. नंतर एकदा दाराखालून खोलीत पाण्याची बारीकशी धार सोडली, तेव्हा ते पुन्हा भयाने अस्वस्थ झाले. त्याला धीर आला तो कशाने? ओळखीचा माणूस त्या खोलीत नुसता त्याच्याजवळ बसून राही, त्याने.

हे नुसते बसून राहणेच पुष्कळांना जमत नाही. घर लहान असले तरी चालेल, पण त्यात एक निवांत कोपरा हवा. अंगणाला कुंपण हवे. दिवाळीत फटाक्यांचा कडकडाट सुरू झाला, तर दारे-खिडक्या लावून घरी थांबणारे कोणी तरी हवे. चिंचणीच्या बाजूच्या एखाद्या वाडीतील वृद्ध जोडपे या कामी पाच खोल्यांच्या घरापेक्षा अधिक योग्य ठरू शकेल. मुलांचे घर वर्ज्य आहे असे मात्र नव्हे. ज्या मुलाला दूर बसून, कुत्र्याकडे टक लावून न पाहता, आपले पुस्तक वाचता येते, ते मूल मोठ्या माणसाहूनही चांगला सोबती होते. अनोळखी कुत्र्याला हात लावायला मात्र कोणीच जाऊ नये. ते चावलेच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित रुग्णालय गाठावे.

प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा कायदा भारतात १९६० साली झाला. जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत त्याला टाकून देणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण नाइलाजाने परत आणणाऱ्यास देणाऱ्याने लाजवू नये. लाजेपोटीच लोक रात्री कुत्र्याला दूर सोडून येतात. त्यापेक्षा पाठवणीपूर्वीच नव्या मालकाने दोन-चार वेळा येऊन त्याच्याजवळ बसून जावे, त्याच्या अंगाखालचे जुने गोणपाट त्याच्याबरोबर न्यावे. नव्या घरी पहिले आठ दिवस ते खाटेखालून बाहेर आले नाही, तरी त्याला ओढू नये. भाकरीची ताटली तिकडेच हलकेच सरकवावी आणि आपल्या कामाला लागावे.