कुंकवासोबत सातबाराही

पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी केला. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं.

असा ठराव जऊळका गावानेही घ्यायला हवा; पण हे गाव ज्या वाशीम जिल्ह्यात येतं, तो शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला. इथे विधवेसाठी जमिनीचा सातबाराही कुंकवाइतकाच महत्त्वाचा. हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ पासून विधवा आणि मुलं-मुली पहिल्या वर्गातले वारस आहेत. तरी वारस नोंदीसाठी कितीतरी बायांना सासरच्यांची मर्जी सांभाळावी लागते. हा सरळ अन्याय आहे! सातबाऱ्यावर नाव नाही, तर पीककर्जही अडतं. मग मुलीची शाळा आधी सुटते.

जऊळक्याच्या ग्रामसभेने हेरवाडसारखा ठराव जरूर घ्यावा; पण तेरावं उरकताच तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देण्याची जबाबदारीही ग्रामपंचायतीने उचलावी.