एक चौकट, अनेक दृष्टी

२३ फेब्रुवारी १९६१ रोजी न्यू जर्सीतील रुडी व्हॅन गेल्डर यांच्या ध्वनिमुद्रणगृहात सात वादक एकत्र आले. ‘द ब्लूज अँड द ॲब्स्ट्रॅक्ट ट्रूथ’ या ध्वनिमुद्रिकेच्या सहाही रचना त्या एकाच दिवशी मुद्रित झाल्या. संगीतकार ऑलिव्हर नेल्सन तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते.

ब्लूज हे आफ्रिकी-अमेरिकी समाजाच्या व्यथेतून जन्मलेले संगीत; चार मात्रांचे १२ खंड ही त्याची रूढ चौकट. जॅझचा प्राण उत्स्फूर्त विस्तार. ‘स्टोलन मोमेंट्स’ची मुख्य धून नेल्सन यांनी १६ खंडांची बांधली; विस्तारासाठी मात्र १२ खंडच ठेवले. त्याच चौकटीत फ्रेडी हबर्ड यांचा ट्रम्पेट तेजाळतो, एरिक डॉल्फी यांची बासरी चंचल होते, बिल इव्हान्स यांचा पियानो अंतर्मुख होतो. जॉर्ज बॅरो यांच्या बॅरिटोन सॅक्सोफोनला स्वतंत्र विस्तार नाही; समूहस्वरांना खालून आधार देणे, एवढेच त्याचे कार्य.

वस्तू अनंतधर्मात्मक आहे, असे अनेकांत सांगतो. पेढीवर मुलगा वेगळे मत मांडू लागतो, तेव्हा त्याचे १२ खंड त्याला पूर्ण मिळतात काय? आणि हिशेब निमूटपणे सांभाळणाऱ्याची आठवण राहते काय? वडीलधाऱ्यांनी हे स्वतःला विचारावे.