अंड्याचा रंग आणि कोंबडीचा वंश

परभणी-गंगाखेड रस्त्यावरील पोखर्णीस जो जातो तो बहुधा नृसिंहाच्या दर्शनासाठी जातो, आणि अशा क्षेत्राचे नाव घेऊन कोंबड्यांविषयी लिहिणे काही सात्त्विक वाचकांस अनुचित वाटेल, हे मी जाणून आहे. तथापि या मुलखात गोठ्याच्या आडोशाला उकिरडा उकरीत हिंडणारी जी तांबडी, काळी, पट्टेरी पाखरे आहेत, त्यांची पशुगणनेत मोजदाद होते पण वंशाची फर्द कोठेच लिहिली जात नाही, ही गोष्ट मला त्याहून अनुचित वाटते. नोंदणीकृत देशी जातींच्या यादीत नंदुरबारकडील बुसरा आहे, झाबुआची कडकनाथ आहे, असील आहे. मराठवाड्याच्या कोंबडीला तेथे स्थान नाही.

गिऱ्हाइकाचे प्रेम मात्र उदंड आहे. तपकिरी कवच दिसले की ते अंडे गावरान, असे समजून तो दीडपट दाम मोजतो. वास्तविक कवच मुळात चुन्याचे, म्हणून पांढरेच असते. अंडे बाहेर पडण्याच्या अगोदरच्या काही तासांत गर्भाशयात त्यावर तपकिरी रंजकाचा लेप चढतो, आणि म्हणूनच असे अंडे फोडून कवच आतून पाहिले तर ते फिकट दिसते. चिली देशातील अरौकाना कोंबडीच्या अंड्याचा निळा रंग कवचात आरपार मुरलेला असतो, कारण एका प्राचीन विषाणूचा तुकडा तिच्या जनुकांत शिरून कायमचा वतनदार झाला आहे. त्या निळ्यावर तपकिरी लेप चढला की अंडे हिरवे होते. आता गंमत अशी की गडद तपकिरी अंडी घालणाऱ्या कोंबड्या बहुतांशी पिंजऱ्यातल्या संकरित वाणांच्या असतात, खऱ्या गावरान कोंबडीचे अंडे अनेकदा मळकट दुधी रंगाचे निघते, आणि हाडापर्यंत काळी असलेली कडकनाथही फिकट अंडेच घालते. सारांश, कवचाचा रंग हा वंशाचा दाखला नव्हे.

पिसांचा रंग त्या मानाने अधिक बोलका आहे, मात्र त्याची भाषा ज्याला कळते त्यालाच. कोंबडीच्या बाबतीत लिंगनिश्चिती मादीकडून होते आणि पट्टेरी पिसांचा गुण लिंग-गुणसूत्रावर बसलेला असतो; त्यामुळे पट्टेरी काळ्या कोंबडीवर साधा काळा कोंबडा सोडला, तर आईचे पट्टे मुलग्यांकडे जातात, मुलींकडे जात नाहीत, आणि अंड्यातून निघालेल्या काळ्या पिलाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असला की तो नर, हे पहिल्याच दिवशी सांगता येते. उघड्या मानेचा गुण तर एका प्रबळ जनुकाचा. तो असलेल्या पाखराची पिसे कमी, म्हणून अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या परभणीत अशा पाखराला कुरूप म्हणून पहिल्यांदा सुरीखाली देणाऱ्यांच्या अकलेचे मला नवल वाटते.

परंतु ज्या गुणाला रंगच नाही, तो सर्वांत मोलाचा. खुडूक बसलेली कोंबडी २१ दिवस अंड्यांवरून जेमतेम दाण्यापाण्यापुरती उठते, अंडी चोचीने फिरवते, आणि जवळ गेलेल्या हाताला टोचते. या काळात ती अंडी देत नाही, म्हणून अंड्यांच्या धंद्याने निवड करकरून हा स्वभावच वाणांतून काढून टाकला. हैदराबादच्या केंद्रीय संस्थेत सिद्ध झालेली वनराजा वाणाची कोंबडी मोठ्या अंगाची आणि काटक आहे, गावरानापेक्षा अंडीही अधिक देते. गरीब कुटुंबाला तिची पिले देण्याची सरकारी योजना वाईट हेतूची नाही. पण ती सहसा खुडूक बसत नाही, आणि तिच्याबरोबर आलेले कोंबडे गावच्या कोंबड्यांवर फिरू लागले की काही पिढ्यांत पिलांसाठी गावाला उबवणी केंद्राचा दरवाजा ठोठावावा लागेल. उत्पन्न वाढले आणि स्वयंपूर्णता गेली, हा जमाखर्च योजनेच्या अहवालात मांडलेला मला आढळला नाही.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंब्यात बर्ड फ्लू ठरला आणि एक किलोमीटरच्या टापूतील पक्षी मारण्याचा हुकूम सुटला. रोगाचा फैलाव थांबवण्यासाठी तो आवश्यकच होता. मोबदला पक्ष्याच्या प्रकारावर आणि वयावर ठरतो. एखाद्या आजीने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणाची त्यात बाब असणार कोठून, कारण तो वाण होता याचा पुरावाच नाही.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठ आहे. पोखर्णीसारखी थोडी गावे निवडून तेथे संकरित नरांचे वाटप बंद ठेवावे, एकाच रक्ताची घसरण टळावी म्हणून गावागावांत कोंबड्यांची अदलाबदल करावी, मानमोडीची लस वेळेवर टोचावी, आणि विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन नोंदवही भरावी. तिच्यात पहिला रकाना कोंबडी खुडूक बसते की नाही याचा असावा, दुसरा तिची किती पिले घारीच्या तावडीतून वाचून मोठी झाली याचा. पिसांचा आणि अंड्याचा रंग त्यानंतर लिहिला तरी चालेल.